संबळ-तुणतुण्याचा आवाज हॉलभर फिरवताना

तुळजापूर-धाराशिवकडची गोंधळाची वाद्यं मंगल कार्यालयात लॅपटॉपसोबत वाजवायची, तर कानाला दिशा कशी कळते ते आधी समजून घ्या. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला की जो आधी पोचतो, त्या बाजूलाच तो ऐकू येतो.

चार सारखे स्पीकर चार कोपऱ्यांत, बसलेल्यांच्या डोक्याहून हातभर उंच, तोंडं हॉलच्या मध्याकडे. इंटरफेसला, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या डब्याला, चार स्वतंत्र आउटपुट हवेतच. साउंडवाल्याला हे आदल्या दिवशीच सांगा. सवयीने त्याने चारही स्पीकर एकाच लाइनवर घेतले, तर आवाज फिरणारच नाही.

मग डिले, म्हणजे स्पीकरचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणं. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. शेवटच्या रांगेपासून संबळ 12 मीटरवर आणि मागचा स्पीकर 3 मीटरवर असेल, तर स्पीकर सुमारे 26 मिलिसेकंद पुढे धावतो. काठी समोर पडताना दिसते आणि ठोका पाठीमागून येतो! म्हणून मागच्या स्पीकरना 35 ते 40 मिलिसेकंद डिले द्या. आधी कातडं, मग स्पीकर. जो आवाज मुद्दाम मागे न्यायचा, त्याला बिनडिलेची वेगळी लाइन ठेवा. कारण वाजवणं चालू असताना डिलेचा आकडा बदलला की खट्ट असा आवाज येतो.

तुणतुण्याच्या खोडाला पिएझो पिकअप (लाकडाची थरथर पकडणारी चकती) चिकटवा, पण तो सरळ मिक्सरला जोडू नका. मध्ये 1 मेगाओम इनपुटचा डीआय बॉक्स (पिकअपचा सिग्नल मिक्सरजोगा करणारा डबा) हवा, नाहीतर खालचा भरीव आवाज गळून नुसता पत्रा वाजतो. संबळाचा माईक कातड्यापासून वीतभरच्या आत ठेवा, त्याची पाठ जवळच्या स्पीकरकडे. शिट्टी बरीच आटोक्यात राहते.

फिरवायचं ते तारेचा टणकारा आणि काठीचा टक्. खर्जाची दिशा कानाला धड कळत नाही, तो समोरच राहू द्या. आवाज दोन स्पीकरच्या मधोमध असताना दोन्हीकडे 3 डेसिबल कमी ठेवा, नाहीतर तिथे तो फुगतो. पत्र्याच्या छताखाली घुमारा फार, म्हणून एका फेरीला 8-10 सेकंद तरी द्या. घाई केली की नुसता कालवा होतो. खाली सतरंज्या अंथरल्या तर फरक पडतो.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कातडं ताणून स्वर चढतो, पावसाळ्यात उतरतो. वाद्यं तासभर आधी हॉलमध्ये आणा, दिवे लावून ठेवा आणि लॅपटॉपमधला रेझोनेटर (ठरावीक स्वरावर घुमणारा इफेक्ट) सगळ्यात शेवटी, संबळ लावून झाल्यावरच जुळवा.