शॅग मलेट करताय? कोकणच्या हवेत या चुका टाळा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी डोक्याला ओढणी गुंडाळून माझ्या पार्लरात आली. पुण्यात शिकते, सुट्टीला मालवणात आलेली. खुर्चीत बसली तरी ओढणी सोडेना. सोबत आजी होती. ती म्हणाली, "बघ गो बाय, ह्या चेडवान केसांचा काय करून घेतल्यान ता."

ओढणी काढली तेव्हा दिसलं. पुढची झुलपं कपाळाच्या मध्यावर उभी, बाजूचे थर कानांवर फुललेले आणि मागे मानेवर चार-पाच विरळ बटा. कापणाऱ्याचा हात वाईट नव्हता, थर नीट घेतले होते. पण केस ओले असताना ताणून कापले होते आणि मग ब्लो ड्राय करून सरळ बसवून दिले होते. मे महिन्यातल्या पुण्याच्या कोरड्या हवेत झुलपं भुवईला टेकली. इथे पाऊस लागला आणि दोन दिवसांत दोन बोटं वर गेली. मुलीचे केस लाटेचे आहेत, हे तिला स्वतःलाही तेव्हाच नीट कळलं.

बारा वर्षं मी मालवणात केस कापते आहे. गेल्या काही वर्षांत शॅग मलेट मागणाऱ्या मुली आणि मुलगे दोन्ही वाढले. मला हा कट मनापासून आवडतो, कारण लाटेच्या आणि कुरळ्या केसांना तो त्यांच्या स्वभावाप्रमाणे राहू देतो. पण बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच कारणाने बिघडतो: हे केस रोज कुठल्या हवेत राहणार आहेत, हे कोणी विचारलेलंच नसतं.

हा कट आहे तरी काय, तेही थोडक्यात सांगते. शॅग म्हणजे माथ्यापासून खाली उतरत जाणारे, टोकाला विस्कटलेले थर. न्यूयॉर्कच्या पॉल मॅकग्रेगर यांनी अभिनेत्री जेन फोंडाचे केस असे कापले आणि १९७१ पासून तो जगभर पोचला. मलेट म्हणजे पुढे-बाजूला आखूड आणि मागे लांब. नव्वदच्या दशकात संजय दत्तचे केस बघून आपल्याकडच्या गावोगावच्या सलूनमध्ये मुलांनी हाच मागितला होता. शॅग मलेटमध्ये माथा आणि झुलपं शॅगची, मागची लांबी मलेटची. वुल्फ कट याच घरातला, फक्त त्यात बाजू जरा लांब सोडतात.

ओले केस ताणून कापणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून आधी हिच्याबद्दल. केसातल्या प्रथिनांना एकमेकांशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळताना पुन्हा बांधले जातात. त्यामुळे ओला केस साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो. कंगव्यात धरून ताणला, तिथेच कात्री लावली, की वाळल्यावर तो वर जाणारच. सरळ केसांत हा फरक अर्ध्या बोटाचा, लाटेच्या केसांत बोट-दोन बोटांचा, कुरळ्यांत चार बोटांपर्यंतही. कमरेपर्यंतच्या वेणीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. शॅग मलेटमध्ये माथ्यावरचे थर मुळातच चार-पाच बोटांचे, तिथे दोन बोटं गेली तर उरलं काय?

आता यात आपली हवा घाला. जुलैत कोकण किनाऱ्यावरची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. ड्रायरने बसवलेले ते बंध हवेतलं पाणीच सोडवतं. पार्लरातून निघताना जे दिसतं ते बाजारपेठेतून बंदरापर्यंत चालत जाईस्तोवर बदललेलं असतं.

म्हणून माझी पद्धत अशी. आदल्या संध्याकाळी घरी केस धुवा, तेल नको, ड्रायर नको, मोकळे वाळू द्या आणि तसेच या. आल्यावर मी एसी बंद करते, दार उघडते आणि दहा मिनिटं तुम्हाला नुसतं बसवते. एसी हवा कोरडी करतो, त्यात केस शहाण्यासारखे वागतात. मला त्यांचं खरं वागणं बघायचं असतं. आकार कोरड्यातच काढते. झुलपं सरळ केसांना भुवईच्या जरा खाली, लाटेच्या केसांना नाकाच्या मध्यावर आणि कुरळ्यांना गालाच्या हाडापर्यंत सोडते. मग आठ दिवसांनी पुन्हा बोलावून हवं तेवढंच कमी करते. या दुसऱ्या फेरीचे मी पैसे घेत नाही, कारण ती कटचाच भाग आहे.

फोटोतले केस कोणाचे?

फोटो आणू नका असं मी म्हणत नाही, जरूर आणा. पण फोटोतल्या माणसाचे केस तुमच्यासारखे असायला हवेत.

केस बारीक आणि सरळ असतील तर फार थर घेऊ नका. थर जितके जास्त तितकं खालचं वजन कमी, आणि मागची शेपटी उंदराच्या शेपटीसारखी दिसायला लागते. इथे माथ्यावर दोनच थर, मागची लांबी खांद्याच्या वर आणि खालची कड बोथट हवी. कड बोथट असली की केस दाट भासतात.

दाट आणि सरळ केसांत उलट गोष्ट होते. थर कमी घेतले तर माथ्यावर टोप ठेवल्यासारखं दिसतं. आतले थर बाहेरच्यांपेक्षा आखूड घ्यावे लागतात, म्हणजे बाहेरचे केस त्यांच्यावर अलगद बसतात. टोकं पॉइंट कटने, म्हणजे कात्री उभी धरून कापायची. आडवी रेषा सरळ केसांत लगेच पायरीसारखी दिसते.

लाटेच्या केसांना हा कट जणू शिवून दिल्यासारखा बसतो. इथे एकच सांभाळायचं, लाटेच्या वळणाच्या मध्यावर कात्री लावायची नाही. वळण संपतं तिथे कापलं की टोक आत वळतं, मध्यावर कापलं की बाहेर फेकलं जातं. हे ओल्यात दिसतच नाही.

कुरळ्या केसांत बाजू फुगून त्रिकोण होतो ही नेहमीची तक्रार. कारण असं की माथा लांब ठेवून वजन सगळं कानाखाली येतं. माथा धीटपणे आखूड घ्यावा लागतो. प्रत्येक वळं वेगळं हातात घेऊन कापायचं, रेझर अजिबात नको. रेझरने कुरळ्या केसाचं टोक चिरतं आणि दमट हवेत ते चिरलेलं टोक सगळ्यात आधी पिंजारतं.

आणि स्मूदनिंग केलेले, म्हणजे रसायन लावून सरळ करून घेतलेले केस. यांच्या बाबतीत मी बहुतेक वेळा "थांबा" म्हणते. मुळाकडचे चार बोटं नवीन केस लाटेचे आणि खालचे काडीसारखे सरळ. थर घेतले की माथ्यावर फक्त नवीन केस येतात, मागे फक्त जुने. एका डोक्यावर दोन माणसांचे केस दिसतात. सहा-आठ महिने वाढू द्या, मग या.

चेहऱ्याच्या आकारावर खूप लिहिलं जातं. माझ्या मते बाजूचा सगळ्यात आखूड थर गालाच्या हाडावर येतो की त्याच्या खाली, एवढंच बघितलं तरी पुरतं.

थिनिंगच्या कात्रीचा मोह

ही चूक माझ्या हातून झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजच्या मुलीचे दाट केस हलके करायला मी माथ्यावर, मुळापासून दोन बोटांवर थिनिंग केलं, म्हणजे दातेरी कात्रीने मधले मधले केस आखूड केले. त्या दिवशी ते सुंदर बसले. दीड महिन्याने ती आली तेव्हा आत कापलेले आखूड केस वाढून वरच्या केसांना ढकलत होते आणि माथा काथ्याच्या पायपुसण्यासारखा उभा होता. तिला तो भाग सरळ व्हायला पुढचं जवळजवळ वर्ष लागलं, आणि दर वेळी ती समोर आली की मला वाईट वाटायचं. तेव्हापासून थिनिंगची कात्री मी फक्त शेवटच्या दोन इंचांत वापरते, तीही दाट सरळ केसांवरच. तुमचं पार्लर मुळाजवळ ती कात्री नेत असेल तर खुशाल हात धरा.

भोवरा न बघणं

माथ्यावरचा भोवरा सगळ्यांना असतो, काहींना कपाळाच्या कडेलाही असतो. कपाळाच्या भोवऱ्यावर आखूड झुलपं कापली की ती मधोमध फाकतात आणि कितीही क्रीम लावा, बसत नाहीत. तिथे झुलपं लांब आणि जड ठेवून एका बाजूला पाडायची. माथ्यावर भोवऱ्याभोवतीचे केस बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब सोडायचे, नाहीतर तुरा उभा राहतो. मानेवरच्या केसांची दिशाही बघा. ते वर वळणारे असतील तर मागची लांबी किमान कॉलरच्या खाली न्या, वजनाने ते खाली बसतात.

मुलांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. बाजूला मशीन शून्यावर फिरवून वर थर सोडतात. तो वेगळा कट झाला. शॅग मलेटमध्ये कानावरचे केस थोडे तरी पडायला हवेत. सलूनमध्ये बसल्याबसल्याच "बाजू कात्रीने" असं सांगा, मशीन फिरल्यावर सांगून उपयोग नाही.

तेल, पाणी आणि वाळवणं

कट चांगला झाला तरी घरी तीन गोष्टी त्याला मारतात.

पहिली तेल. खोबरेल मी सोडायला सांगणार नाही. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रथिन वाचवतं, हे २००३ साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं आहे. पण ते धुण्याआधी लावा, तासभर ठेवा, धुऊन टाका. धुतल्यावर माथ्याला तेल चोपडलं की शॅगचे थर एकमेकांना चिकटून कट दिसेनासा होतो. धुतल्यानंतर हवंच असेल तर दोन थेंब तळव्यावर चोळून फक्त मागच्या टोकांना.

दुसरं पाणी. खाडीकाठच्या विहिरींना एप्रिल-मे महिन्यांत मचूळ पाणी येतं. त्याने केस जड आणि चिकट होतात, फेस होत नाही म्हणून माणूस शाम्पू वाढवतो आणि केस आणखी कोरडे होतात. शेवटचं पाणी साठवलेल्या गोड्या पाण्याचं घ्या, तांब्याभर पुरतं.

तिसरं वाळवणं. पावसात केस चार-चार तास वाळत नाहीत, म्हणून ओलेच बांधले जातात किंवा ओल्यावर हेल्मेट चढतं. केस ज्या आकारात वाळेल तो आकार धरतो, हे वरचं कारण इथेही लागू. टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती पंचाने दाबून पाणी काढा. बोटांनी झुलपं हवी तशी पाडा आणि फक्त मुळं ड्रायरच्या मंद हवेने वाळवा. कुरळ्या केसांना ड्रायरला जाळीदार डिफ्यूझर लावा. स्कूटरवर जायचं असेल तर झुलपं मागे फिरवून हेल्मेट घाला, उतरल्यावर ओल्या बोटांनी पुढे घ्या.

ग्लिसरीन जास्त असलेली जेलं पावसाळ्यात टाळा, ती हवेतलं पाणी ओढून केस फुगवतात. समुद्री मिठाचा स्प्रे बारीक सरळ केसांना उन्हाळ्यात चांगला, पावसात चिकट होतो. कुरळ्यांना तो कधीच नको.

गजरा माळायचा असेल तर

हे कोणी विचारत नाही आणि मग गौरीच्या दिवशी रडू येतं. माथ्यावरचे केस आखूड झाले की अंबाडा होत नाही, खोपा तर नाहीच. घरात लग्न असेल, नऊवारी नेसायची असेल तर मागची लांबी खांद्याखाली ठेवायला सांगा. तेवढ्यात खालच्या केसांची छोटी पोनी होते आणि तिच्यावर गजरा गुंडाळता येतो.

बिघडलंच असेल तर

लगेच दुसरीकडे जाऊन "सारखे करून द्या" म्हणू नका. सारखे करताना शिल्लक असलेलं जातं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांत पुष्कळ काही आपोआप बसतं. झुलपं फार वर गेली असतील तर बाजूला वळवून दोन साध्या चिमट्या लावा. मागची शेपटी विरळ दिसत असेल तर तीच दोन बोटं कमी करा, माथ्याला हात लावू नका. पायऱ्या दिसत असतील तर फक्त त्या रेषेवर पॉइंट कट मागा.

श्रावण पाळणारी पुरुषमंडळी महिनाभर केस कापत नाहीत आणि मग गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत सगळी सलून ओसंडून वाहतात, चाकरमानीही तेव्हाच येऊन पोचतात. पार्लरांचीही तीच गत. त्या गर्दीत नवा कट करू नका. तीन आठवडे आधी करा, म्हणजे दुसरी फेरीही होते.

त्या मुलीच्या केसांना मी जूनमध्ये कात्री जवळजवळ लावलीच नाही. मागची विरळ टोकं दोन बोटं कमी केली, झुलपं बाजूला कशी पाडायची ते आरशासमोर तिच्याच हाताने करून घेतलं आणि ऑगस्टपर्यंत कोणाला हात लावू देऊ नकोस म्हणून सांगितलं. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी ती आजीला घेऊन आली तेव्हा झुलपं भुवईला टेकली होती, मागे लाटा कॉलरवर उतरल्या होत्या. आजीने पिशवीतून अबोलीचा वळेसर काढला आणि विचारलं, "ह्यो खंय लावचो ता सांग."