केशतेल, क्रीम, सीरम: प्लास्टिकची बाटली कशी पारखायची

आपण बनवलेला माल भरायला बाटली घेताना आधी तिचा तळ बघा. त्रिकोणातला आकडा ३ असेल तर ते पीव्हीसी. मऊ पीव्हीसीत थॅलेट (प्लास्टिक लवचिक करणारी रसायनं) असू शकतात आणि ते तेलात उतरतात, म्हणून तेलकट मालाला ते नकोच. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनिन त्याला मऊ करतं, तडे पाडतं. ७ म्हणजे 'इतर काहीही'. नेमकं काय आहे ते पुरवठादार लेखी देत नसेल तर घेऊ नका.

उरतात १, २, ४ आणि ५. साध्या खोबरेल तेलाला एचडीपीई (२) उत्तम. पण त्याच तेलात कापूर, निलगिरी किंवा पुदिन्याचा अर्क घातला की वास हळूहळू भिंतीतून बाहेर जातो आणि कधी बाटलीच्या कुशी आत ओढल्या जातात. अशा मालाला पेट (१) बरं, मात्र त्यात गरम तेल ओतू नका, बाटली वाकडी होते. ४० अंशांखाली आलं की भरा. क्रीमच्या डबीला पीपी (५) चालतं. एलडीपीई (४) ट्यूबमध्ये आणि ड्रॉपरच्या रबरी फुग्यात फिनॉक्सिइथेनॉलसारखं प्रिझर्व्हेटिव्ह (माल टिकवणारं रसायन) शोषलं जाऊ शकतं. कागदावर १ टक्का, प्रत्यक्षात कमी, आणि मग बुरशी. झाकणाच्या आतला लायनर (पातळ चकती), पंपाची नळी, वॅशर यांचाही मालाला स्पर्श होतो. बहुतेक जण हे विसरतातच.

आकड्यावरून फक्त चाळणी होते. खरी पारख आपल्याच मालावर करायची. एकाच वेळी बनवलेला माल प्लास्टिकच्या १२ आणि काचेच्या ६ बाटल्यांत, नेहमीचंच झाकण लावून भरा. निम्म्या ४० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, निम्म्या खोलीत, १२ आठवडे. दोन्हीकडे प्लास्टिकच्या तीन उभ्या, तीन आडव्या. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर सुरुवातीला, मग १, २, ४, ८ आणि १२ व्या आठवड्यात वजन करा. क्रीमचा पीएचही नोंदवा.

वजन घटलं आणि झाकणाजवळ ओल असेल तर गळती. ओल नसेल तर माल बहुधा भिंतीतून निसटतोय. काचेतला माल ठीक आणि प्लास्टिकमधला पिवळा किंवा वासाला वेगळा, तर दोष पॅकिंगचा. दोन्हीकडे बिघडला तर आधी कृतीच तपासा. शेवटी एक बाटली रिकामी करून ब्लेडने उभी चिरा. आतली भिंत चिकट, फुगलेली किंवा डागाळलेली आहे का, हे बोटाने चाचपून बघा.

प्रिझर्व्हेटिव्हची प्रयोगशाळेतली चाचणी ताज्या मालावर करून थांबू नका. १२ आठवडे त्याच बाटलीत राहिलेला मालही द्या. पुरवठादार आयएस ९८४५ या भारतीय मानकाच्या चाचणीचा अहवाल दाखवेल. ती अन्नाच्या प्लास्टिकची चाचणी आहे आणि अन्नासारख्या ठरावीक द्रावणांत होते. तुमच्या निलगिरीबद्दल ती काही सांगत नाही.

बाटलीचा रंग, पुरवठादार किंवा झाकण बदललं तर पुन्हा पहिल्यापासून. काळ्या बाटलीत रिसायकल माल सहज लपतो, त्यामुळे तिथे प्लास्टिक 'व्हर्जिन', म्हणजे रिसायकल न केलेलं, असल्याचं पत्र मागाच.