सभासदांची वही: हेडिंग्लेवर पाहिलं, पेठेत वापरलं

कबड्डीत मी उजवा कोपरा सांभाळायचे. नंतर एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसले. गुडघे गेले, पण रजिस्टर आणि पावत्यांची सवय गेली नाही. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या पेठेतल्या आमच्या कबड्डी मंडळाने खजिनदार व्हा म्हणून गळ घातली, तेव्हा मी म्हटलं, पैसे दुसऱ्या कुणाकडे द्या, मला सभासदांची वही द्या. वही मिळाली. दोनशे पानी, एक्केचाळीस नावं, त्यातली सहा माणसं वारलेली. त्या सहांना दरवर्षी कबड्डी स्पर्धेचं निमंत्रण मात्र न चुकता जात होतं.

त्याच वर्षी लेकीकडे लीड्सला तीन महिने राहिले. जावयाने हेडिंग्लेला नेलं. हेडिंग्ले म्हटलं की आपल्याला २००२ ची कसोटी आठवते, द्रविडच्या १४८, सचिनच्या १९३, गांगुलीच्या १२८. त्या मैदानाला पाठ लावूनच दुसरं मैदान आहे, मधला स्टँड दोघांत सामायिक, वाड्यातल्या भिंतीसारखा. तिथे लीड्स ऱ्हायनोज रग्बी लीग खेळतात. तेरा जणांचा संघ, चेंडूवाल्याला पकडून पाडायचं, सहाव्यांदा पकडला गेला की चेंडू समोरच्याचा. पाचव्या मिनिटाला मी जावयाला म्हटलं, अरे, हा तर आपलाच भाऊबंद.

या खेळाचा जन्मही आपल्याला कळेल असा आहे. उत्तर इंग्लंडमधले गिरणी आणि खाण कामगार शनिवारी रग्बी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यायला लंडनवाल्या संघटनेने नकार दिला. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तेव्हापासून हे क्लब गावातल्या साध्या माणसाच्या खिशावर जगत आलेत, म्हणून त्याला सांभाळायचं कसं हे त्यांना शिकावंच लागलं. मी तिथे जे पाहिलं, विचारलं, आणि परत येऊन आमच्या मंडळात करून पाहिलं, ते खाली लिहिते. तुमचं मंडळ खो-खोचं असो की फुटबॉलचं, फार फरक पडणार नाही.

आधी वही

टी-शर्ट, बॅनर, इन्स्टाग्राम हे सगळं नंतर. पहिल्यांदा वही नीट करा. मी एक्सेलमध्ये ठेवते आणि महिन्याला एक प्रिंट काढून फायलीत लावते, कारण लॅपटॉप नातवाचा आहे. रकाने असे: क्रमांक, नाव, फोन, कोणत्या वर्षापासून, कुणाच्या ओळखीने आले, त्यांना काय येतं, आणि शेवटचा, सगळ्यात रुंद रकाना: ‘बोलणं’.

‘काय येतं’ हा रकाना फुकट वाटतो, पण वर्षभर तोच कामाला येतो. एकाचा टेंपो आहे, म्हणून मॅट न्यायची सोय झाली. एक वहिनी फिजिओथेरपिस्ट आहेत. एक काका प्रुफं तपासायचे, आता आमच्या अहवालात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडत नाही. सापडली तर ते स्वतःच फोन करतात.

क्रमांकाचं मात्र जपा. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीग क्लबांत सलग किती वर्षं सभासद आहात याला मोठी किंमत आहे. हे मला ठाऊक असूनही मी शहाणपणा केला. वही नव्याने लावताना नावं अकारविल्हे मांडली आणि सगळ्यांना नवे क्रमांक दिले. तिसऱ्या दिवशी एक आजोबा जिना चढून वर आले. धापा टाकत त्यांनी नवं कार्ड टेबलावर ठेवलं. त्यावर ३३ होतं. खिशातून जुनं, कडा कुरतडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड काढून शेजारी ठेवलं. त्यावर ७ होतं. म्हणाले, “बाई, मी सातवा आहे.” एवढंच. मी त्या रात्री बसून जुने क्रमांक परत लावले. वारलेल्यांचे क्रमांक आता कुणालाच देत नाही, त्यांच्या घरच्यांना ते सांगून ठेवलंय.

वर्गणीचे प्रकार

तिकडे प्रत्येक सामन्याला येणारा सभासद वेगळा, दूर राहणारा आणि मैदानावर कधीच न येणारा वेगळा, लहान मुलं वेगळी. ऑस्ट्रेलियात तर कुत्र्या-मांजरांनाही सभासद करून घेतात! मी हसले होते. पण थोडा विचार केल्यावर दिसलं की सामना बघायला येणं आणि मंडळाचं असणं या दोन गोष्टी त्यांनी सोडवून वेगळ्या केल्यात. आपण सोडवत नाही. मुलगा बंगळुरूला गेला की त्याचं नाव आपण खोडतो.

आमच्याकडे आता वार्षिक ३०० रुपये, बाल सभासद ५०, आणि परगावचे २००. परगावच्यांना काय मिळतं? दर सामन्यानंतर निरोप, छापील अहवाल आणि दिवाळीला खेळाडूंच्या सह्यांचं पत्र. बस. नव्या जर्सीत पंधरा प्रायोजकांची नावं कोंबून ती त्यांना हजार रुपयांना विकायचा आग्रह एका कार्यकर्त्याने धरला होता, मी तो हाणून पाडला. आणि हो, नारायण पेठेतल्या एका मुलीने ५० रुपये देऊन तिच्या बोक्याची पावती मागितली. फाडली. बोका वहीत आहे.

हरल्या रात्रीचा निरोप

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. आपली मंडळं जिंकली की रात्री बारा वाजता फटाके, फोटो, गुलाल. हरली की चार दिवस शुकशुकाट. मग सभासदाला निकाल चहाच्या टपरीवर दुसऱ्याच कुणाकडून कळतो आणि त्याला वाटतं, आपण वर्गणी भरणारे, बाकी कोणी नाही. आमचा नियम उलटा आहे. जिंकल्याचा निरोप सकाळी गेला तरी चालतो, हरल्याचा त्याच रात्री जायला हवा.

मागच्या मोसमातला एक निरोप जसाच्या तसा देते:

“नमस्कार. आज आपण २४–३१ असे हरलो. उत्तरार्धात दोन लोण बसले. डावा कोपरा दुखापतीमुळे बाहेर होता, पण कारण तेवढंच नाही. बोनसच्या मागे लागून तीन चढाया फुकट गेल्या. सराव मंगळवारी सहाला आहे, बघायला या. येताना पंचांना शिव्या घालून येऊ नका, ते बरोबर होते.”

यात काय आहे ते बघा. आकडा पहिल्या ओळीत आहे. सबब आहे, पण तिच्याआड लपलेलो नाही. आणि पुढे कधी भेटायचं ते आहे. ‘पोरांनी जिवाचं रान केलं’ हे वाक्य आम्ही वर्षातून एकदाच वापरायचं ठरवलंय.

निरोप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपमध्ये सुप्रभात, कुणाची तरी हरवलेली पर्स आणि राजकारण यांत तो वाहून जातो. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी करा, एका यादीत २५६ नावं बसतात. अडचण एकच, ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला निरोप पोचत नाही. म्हणून पावती फाडतानाच समोरच्याचा फोन मागून घेते आणि मंडळाचा नंबर माझ्या देखत साठवायला लावते. आजींना जमत नसेल तर मी स्वतः साठवून देते. या एका सवयीने निम्म्या तक्रारी संपल्या.

खेळाडू आणि माणसं

लीड्स ऱ्हायनोजचे खेळाडू रॉब बरो यांचं तुम्ही कदाचित ऐकलं असेल. सात नंबरची जर्सी, उंची पाच फूट पाच इंच, समोरचे सगळे दुप्पट. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना मोटर न्यूरॉन हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार झाल्याचं निदान झालं. त्यांचे जुने कर्णधार केव्हिन सिनफील्ड वर्षभराने सात दिवसांत सात मॅरेथॉन धावले. लक्ष्य ठेवलं ७७,७७७ पौंडांचं, जमले वीस लाखांहून जास्त. मे २०२३ च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये सिनफील्डनी त्यांना चाकाच्या खुर्चीतून उचलून हातांवर घेऊन शेवटची रेष ओलांडली. बरो जून २०२४ मध्ये गेले.

मला त्यातला आकडा फार आवडला. ७७,७७७. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हे कुणासाठी आहे. आमच्या एका चढाईपटूचा लिगामेंट फाटला तेव्हा ‘यथाशक्ती मदत करा’ असं आम्ही लिहिलं नाही. त्याची जर्सी नऊ नंबरची, म्हणून प्रत्येकाकडे ९९ रुपये मागितले, कमी नाही, जास्तही नाही. पैसेवाल्या एकाने पाच हजार देऊ केले, त्याला सांगितलं की पन्नास माणसं आणा. ऑपरेशनचं बिल फलकावर लावलं, उरलेली रक्कम वैद्यकीय निधीत टाकली आणि तसं लिहिलं. मुलगा थोडा बरा झाल्यावर कुबड्या घेऊनच आठ-दहा घरी जाऊन आला. कुणी चहा पाजला, कुणी गुडघ्यावरून भाषण दिलं.

ढोल

हे पुणं आहे, ढोल येणारच. पण चढाईपटूचं ‘कबड्डी, कबड्डी’ पंचांना ऐकू यायला हवं, दम तुटला की नाही ते त्यावरून ठरतं. आमच्या पथकाशी ठरलंय: चढाई चालू असताना टिपरू वर धरायचं, गुण मिळाला की दोन ठेके, मध्यंतरात काय तो धिंगाणा. पाहुण्या संघाच्या लोकांसाठी वेगळी जागा ठेवू नका. रग्बी लीगमध्ये दोन्ही बाजूंचे लोक सहसा शेजारी शेजारी बसतात. माझ्या डावीकडे समोरच्या संघाची एक बाई होती, तिने मला नियम समजावले आणि तिचा संघ हरल्यावर माझ्याच पिशवीतली बाकरवडी खाल्ली.

हिशेब

गणपती मंडळांमुळे आपल्याला अहवाल छापायची सवय आहे, पण तो कुणी वाचत नाही, कारण त्यात निम्म्या जाहिराती असतात. आम्ही जमाखर्च पहिल्या पानावर घेतला. मॅटच्या दुरुस्तीला किती, प्रवासाला किती, सत्काराच्या शाली-नारळाला किती. शालीचा आकडा छापल्यावर शाली आपोआप कमी झाल्या.

वार्षिक सभेत साउथ्सची, म्हणजे साउथ सिडनी रॅबिटोज या रग्बी लीग क्लबची गोष्ट मी दरवर्षी सांगते, लोक आता मलाच पुढचं सांगतात. १९०८ चा क्लब, सभासदांच्या मालकीचा. १९९९ चा मोसम संपल्यावर लीगने संघ कमी करताना त्यांना वगळलं. नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ८०,००० माणसं सिडनीच्या रस्त्यावर आली. २००१ मध्ये अपिलात निकाल बाजूने लागला, २००२ मध्ये संघ परत मैदानात. मग २००६ मध्ये नट रसेल क्रो आणि त्यांचे भागीदार ३० लाख डॉलर घेऊन आले, पाऊण मालकी द्या म्हणाले. सभासदांची ७५ टक्के मतं लागणार होती. पडली ७५.८. २०१४ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, जेतेपद. विकलं ते बरं केलं की वाईट, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. मी विरोधातली. पण मोठ्या पैशाला साध्या सभासदांपुढे येऊन मत मागावं लागलं, ते त्यांच्याकडे वही होती म्हणून.

नूतनीकरण

१ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली, त्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे अकरा नवी पोरं चौकशीला आली. हुरळून जाऊ नका. वर्षभराने त्यातली चार उरली. नवी माणसं आणण्यापेक्षा जुन्यांना फोन करणं स्वस्त पडतं.

मोसमाच्या दीड महिना आधी मी रोज पाच फोन करते, अकरा ते साडेबारा. पैशांचं पहिल्या मिनिटाला काढत नाही. वहीतला ‘बोलणं’ रकाना उघडा ठेवते: सुनेचं बाळंतपण, मोतीबिंदू, मागच्या वेळी खुर्ची मिळाली नव्हती ही तक्रार. ज्यांनी नूतनीकरण केलं नाही त्यांना शेवटी एक फोन करते, मागणी नाही, फक्त का ते विचारते आणि ते म्हणतील तेच शब्द लिहून ठेवते. गेल्या वर्षीची कारणं अशी होती: “गुडघे.” “तुमच्या सामन्यांना प्यायचं पाणी नसतं.” “हे गेले, आता एकटी येऊन काय करू.” आणि तब्बल नऊ जणांनी सांगितलं, सामना रात्री संपतो, रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत.

पाण्याचा पिंप आणला. टेंपोवाल्या सभासदाच्या भावाकडे सात आसनी गाडी आहे, ती आता शेवटच्या सामन्यानंतर कसबा, सोमवार, रास्ता पेठ अशी फेरी मारते, माणशी २० रुपये. नऊपैकी सात परत आले. ‘हे गेले’ म्हणणाऱ्या काकू गाडीत पुढच्या सीटवर बसतात, त्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.