फाशी देणाऱ्यांच्या दप्तरातून गुलामांचं बंड कसं वाचावं

अमेरिकेतल्या गुलामांच्या बंडांचे जे कागद आज हाताशी आहेत, ते जवळपास सगळे बंड मोडणाऱ्यांनी लिहिलेले आहेत. १७१२ चं न्यूयॉर्क आपल्याला गव्हर्नरच्या पत्रातून कळतं, १७४१ चं न्यूयॉर्क खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाच्या पुस्तकातून आणि १८२२ चं चार्ल्सटन फाशी सुनावणाऱ्या कोर्टाच्या अहवालातून. हे कागद सरळ पहिल्या पानापासून वाचत गेलं की माणूस हटकून फसतो. वाचायची रीत इथे १७४१ च्या खटल्यावर दाखवली आहे, कारण तिथे मजकूरही भरपूर आहे आणि फसायच्या जागाही.

प्रसंग थोडक्यात असा. न्यूयॉर्क शहराची वस्ती अकरा हजारांच्या आसपास, त्यात दर पाच-सहा माणसांमागे एक काळा, आणि त्यातले बहुतेक गुलाम. १८ मार्च १७४१ ला किल्ल्यातलं गव्हर्नरचं घर जळालं. त्यानंतर आगी लागतच राहिल्या. ६ एप्रिलला तर एकाच दिवसात चार. एडॉल्फ फिलिप्सच्या गोदामातून त्याचा गुलाम कफी खिडकीतून उडी मारून पळताना दिसला आणि ‘निग्रो उठले’ अशी हाकाटी झाली. गुलामांनी काही गोऱ्यांच्या साथीने शहर जाळायचा कट केला, असा आरोप ठेवून खटले चालले. उन्हाळा संपेपर्यंत १३ काळ्या माणसांना जाळलं, १७ जणांना फासावर दिलं, चार गोऱ्यांना फाशी झाली आणि सत्तरहून अधिक लोकांना देशाबाहेर पाठवलं.

पहिलं काम: अस्सल कागद कोणता आणि बखर कोणती, हे ठरवा. मराठी वाचकाला हा फरक सांगायला नको. डॅनियल हॉर्समॅन्डन हा खटल्यातल्या न्यायाधीशांपैकी एक. त्याचं जाडजूड पुस्तक १७४४ मध्ये छापलं गेलं, म्हणजे खटल्यानंतर तीन वर्षांनी, जेव्हा कट खरा होता का अशी कुजबुज सुरू झाली होती. पुस्तकात जबाब आहेत, वकिलांची भाषणं आहेत आणि मध्ये मध्ये त्याची स्वतःची टिप्पणीही आहे. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि हे तीन थर वेगळे रंगवा. जबाब समजून न्यायाधीशाचंच मत उतरवून घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

दुसरं काम तारखांचं. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना होती. ती आजच्या कालगणनेच्या ११ दिवस मागे चालायची आणि नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे रॉबर्ट हॉगच्या दुकानातली चोरी, जिच्यापासून हे प्रकरण सुरू झालं, ती २८ फेब्रुवारीला झाली आणि कागदावर तिचं साल १७४० किंवा १७४०-४१ असं दिसतं. शिवजयंतीच्या तिथी-तारखेच्या वादामुळे हा घोळ आपल्याला ओळखीचा आहे. साल सुधारा, दिवस मात्र मूळचाच ठेवा, आणि वार काढताना फोनमधल्या कॅलेंडरवर विसंबू नका. दक्षिण कॅरोलिनातलं स्टोनोचं बंड ९ सप्टेंबर १७३९ चं. आजच्या पद्धतीने मागे मोजलं तर तो बुधवार येतो. खरं तर तो रविवार होता. आणि रविवार होता म्हणूनच तर बंड झालं! गोरे चर्चमध्ये, गुलामांना कामातून सवड. वार चुकला की कारणच हातातून निसटतं.

तिसरं, नावं. एकाच नावाची तीन-तीन माणसं भेटतील. कफी म्हणजे आकान भाषेतला कोफी, शुक्रवारी जन्मलेला. क्वॉक म्हणजे क्वाकू, बुधवारचा. त्यामुळे नुसतं ‘कफी’ लिहून भागत नाही. ‘फिलिप्सचा कफी’ वेगळा आणि ‘गोमेझचा कफी’ वेगळा. मालकाच्या नावाने माणूस ओळखावा लागतो हे जिवाला लागतं, पण तसं केलं नाही तर एकाचा जबाब दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. मालकाचं नाव नोंदवण्याला आणखी एक कारण आहे: एडॉल्फ फिलिप्सचा पुतण्या फ्रेडरिक फिलिप्स याच खटल्यात न्यायाधीश होता. स्पॅनिश जहाजांवर पकडून आणलेल्या खलाशांची दोन्ही नावं लिहा, विकल्यावर पडलेलं आणि मूळचं. कातडीच्या रंगावरून त्यांना गुलाम म्हणून विकलं होतं, आणि आपण मुक्त माणसं आहोत असं ते कोर्टातही पूर्ण नावानिशी सांगत होते. त्यांच्यातल्या ख्वान दे ला सिल्वाला ऑगस्टमध्ये फाशी झाली.

आता मुख्य काम, तक्ता. आडवा मोठा कागद घ्या आणि सात रकाने आखा: जबाबाची तारीख, कोण बोललं, मालक कोण, जबाब कोणासमोर झाला, शिक्षा आधीच सुनावली होती का, त्या दिवशी कोणतं आमिष जाहीर होतं, आणि कोणाकोणाची नावं घेतली. ओळी पुस्तकातल्या क्रमाने न भरता तारखेच्या क्रमाने भरा. मग दोन आडव्या रेघा मारा. पहिली १७ एप्रिलची: त्या दिवशी इनाम जाहीर झालं, गोऱ्या माणसाला १०० पौंड आणि गुलामाला स्वातंत्र्य व २० पौंड. दुसरी १९ जूनची: १ जुलैच्या आत कबुली देईल त्याला माफी. दुसऱ्या रेघेखाली कबुलीजबाबांची नुसती रीघ लागलेली दिसेल, आणि प्रत्येक जबाबात नवी नावं. कबुली खरी असो वा खोटी, ती कशासाठी दिली गेली हे त्या दोन रेघा सांगतात.

मेरी बर्टनच्या ओळी सलग लावून बघा. ही सोळा वर्षांची नोकर पोरगी, जॉन ह्यूसनच्या गुत्त्यात करारावर बांधलेली. २२ एप्रिलला तिने सांगितलं की शहर जाळायच्या गोष्टी चालायच्या तेव्हा ह्यूसन, त्याची बायको आणि गुत्त्यातच राहणारी पेगी सोडून दुसरा गोरा माणूस तिने तिथे पाहिला नाही. पुढे जॉर्जियाहून जनरल ओगलथॉर्पचं पत्र आलं: स्पेनचे हेर, वेश पालटलेले पाद्री शहरं जाळायला निघाले आहेत. २४ जूनला जॉन युरी नावाच्या शिक्षकाला, तो असाच लपलेला पाद्री असल्याच्या संशयावरून, पकडलं, आणि २५ जूनला मेरीला तोही तिथे असल्याचं आठवलं. गुलामाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती, म्हणून कोर्टाला गोरा साक्षीदार हवाच होता. शहरातले सगळे वकील सरकारच्या बाजूने उभे होते; युरीने आपली बाजू स्वतःच मांडली आणि २९ ऑगस्टला तो फासावर गेला. पत्राची तारीख तक्त्यात नसेल तर या दोन जबाबांमधली दरी दिसतच नाही.

‘शिक्षा सुनावली होती का’ हा रकाना आळसाने रिकामा सोडू नका. ३० मे. फिलिप्सचा कफी आणि रूझवेल्टचा क्वॉक यांना खांबाला बांधायला आणलंय, भोवती लाकडं रचलेली आहेत, लोकांची गर्दी झालीय. तिथे, त्या लाकडांपाशी, दोघांना विचारलं गेलं आणि दोघांनी जीव वाचेल या आशेने कबुली दिली. क्वॉकने किल्ल्याला आग लावल्याचं कबूल केलं आणि मूळ सूत्रधार म्हणून ह्यूसनचं नाव घेतलं. गर्दी माघार घेऊ देणार नाही म्हणून त्यांना परत नेलं नाही; दोघांनाही जाळलं. पुढच्या शिक्षा याच कबुलीच्या आधाराने झाल्या.

मग यातलं काहीच खरं नव्हतं का? इथे दुसऱ्या टोकाला जाणंही चूकच. जबाब बाजूला ठेवा आणि जे जबाबावर अवलंबून नाही तेवढंच वेगळ्या कागदावर काढा. हॉगच्या दुकानातून माल चोरीला गेला आणि तो ह्यूसनच्या गुत्त्याशी जोडलेल्या लोकांकडे गेला, हे पक्कं. क्वॉकची बायको गव्हर्नरच्या घरी स्वयंपाकीण होती आणि तिला भेटायला किल्ल्यात यायची त्याला मनाई केली होती, हेही पक्कं. पण त्या घराच्या पन्हाळीचं गळतं काढायला एक कारागीर आगटी घेऊन चढला होता, आणि लेफ्टनंट गव्हर्नर क्लार्कने आधी आगीचं कारण तेच सांगितलं होतं. ह्यूसनच्या शेजारी कम्फर्टची विहीर होती. चहाला चांगलं म्हणून तिचं पाणी आणायला घरोघरचे गुलाम तिथे जायचे. शहरात गुलामांना जमायला बंदी होती, रात्री कंदिलाशिवाय फिरायला बंदी होती, पण पाण्याला पाठवायचं तर मालकालाच होतं. माणसं एकत्र यायची ती अशी. हे कागद नीट लावल्यावर चोरीची टोळी खरी वाटते, मनातला राग खरा वाटतो, काही आगी लावलेल्या वाटतात. सगळं शहर जाळून नवा राजा नेमण्याचा बेत मात्र इनामाच्या रेघेखालीच वाढत जातो.

कायदेही असेच उलटे वाचायचे. बंदी घातली म्हणजे लोक ते करत होते. स्टोनोच्या बंडखोरांनी ढोल वाजवत कूच केलं. १७४० च्या दक्षिण कॅरोलिनाच्या कायद्यात ढोल आणि शिंगं वाजवण्यावर बंदी आली, लिहायला शिकवण्यावरही.

हाच तक्ता इतर ठिकाणी थोडा बदलावा लागतो. १७१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेडन लेनजवळ बंडखोरांनी इमारत पेटवली आणि विझवायला आलेल्यांवर हल्ला केला. तिथे बंड झालं का हा प्रश्नच नाही, फक्त गव्हर्नर हंटरचे आकडे इतर कागदांशी ताडून बघा. रिचमंडमध्ये ३० ऑगस्ट १८०० ला गॅब्रिएल या गुलामाचा बंडाचा बेत वादळी पावसाने आणि फितुरीने फसला. चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हेसीवर बंडाच्या कटाबद्दल चाललेल्या खटल्याला छापील अहवाल आणि हस्तलिखित नोंदी अशा दोन प्रती आहेत. त्या शेजारी ठेवूनच वाचा. २००१ पासून इतिहासकारांमध्ये मोठा वाद पेटला तो त्या दोन प्रतींमधल्या फरकावरूनच.

शेवटची एक गोष्ट तक्ता भरताना हमखास राहते. जबाब देणाऱ्यांच्याच ओळी भरल्या जातात आणि गप्प राहिलेली माणसं कागदावरून गळतात. सीझर आणि प्रिन्स या दोन गुलामांना ११ मे १७४१ ला हॉगच्या दुकानातल्या चोरीसारख्या गुन्ह्यांसाठी फाशी दिली. कटाबद्दल त्यांनी शेवटपर्यंत काहीही कबूल केलं नाही, आणि ते दोघे हटवादीपणे मेले अशी नोंद हॉर्समॅन्डनने चिडून केली आहे. त्यांची ओळ तारखेसकट आखा आणि नावांच्या रकान्यात लिहा: ‘कोणाचंही नाही.’