नाशिकच्या डोंगरांत दुसरी मानवजात कल्पायची असेल तर

आधी प्रजात निवडा, जागा नंतर. निअँडरथल (नामशेष झालेली एक मानवजात) घेतला तर रुंद छाती, आखूड हातपाय, भुवयांवर जाड हाड आणि हनुवटी जवळजवळ नाही. थंडीला सरावलेला हा देह एप्रिलच्या मालेगावात तगेल कसा? इगतपुरी-त्र्यंबकच्या झाडीला इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ साली जिचे अवशेष सापडले ती बुटकी मानव प्रजात जास्त शोभते: उंची साडेतीन फूट, मेंदू सुमारे ४०० घन सेंटिमीटर.

बहुतेक कल्पना संख्येवर कोसळतात. एका गुहेत वीस जण ठेवले तर जवळच्या नात्यांतल्या संततीमुळे काही पिढ्यांतच दोष साचतात. ढोबळ नियम असा: प्रजनन करणारे ५० असले तर थोडा काळ निभावतं, दीर्घकाळासाठी ५०० लागतात, आणि एकूण लोकसंख्या त्याच्या कितीतरी पट. शिवाय मुंबई-आग्रा महामार्ग त्र्यंबकची रांग कळसूबाईच्या रांगेपासून तोडतो. तो ओलांडायची रात्रीची वाट नकाशावर आखाच.

मग खाणं महिन्यावार मांडा: मेमध्ये करवंदं, पहिल्या पावसात खेकडे, पुढे कंद. इतके लोक राहिले म्हणजे राख, हाडं, हत्यारं उरणारच. गंगापूरजवळ गोदावरीकाठी पुराश्मयुगीन हत्यारं मिळाली आहेत, तिथून धागा जोडा.

आदिवासींच्या चालीरीती मात्र या प्रजातीला चिकटवू नका. ते तुमच्याआमच्यासारखेच होमो सेपियन्स आहेत; ही चूक अपमानास्पदही आहे.

या प्रजातीचा आपल्या माणसांशी संकर टाळू नका. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत आजही निअँडरथल जनुकांचा सुमारे २ टक्के वाटा आहे.