फुल सस्पेन्शन सायकल जुळवताय आणि राहताय कोकणात? या चुका टाळा

आमच्या रत्नागिरीच्या ग्रुपमधल्या तीन पोरांनी गेल्या वर्षभरात पार्ट गोळा करून स्वतःची ट्रेल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल, जुळवली आणि तिघांनीही चूक एकच केली, सेलमध्ये फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) स्वस्त दिसला म्हणून आधी फोर्क घेतला, मग चाकं, आणि फ्रेम सगळ्यात शेवटी. पैसे बुडतात ते इथेच. आधी फ्रेम ठरवा, तिचे आकडे वहीत उतरवून घ्या, मागचा हब (चाकाचा मधला भाग) १४८ मिमीचा की १४२ चा, बीबी (पेडलच्या दांड्याचं बेअरिंग) थ्रेडचा की दाबून बसवायचा प्रेसफिट, सीटपोस्ट ३०.९ मिमी की ३१.६, फोर्क जास्तीत जास्त किती ट्रॅव्हलचा (म्हणजे किती मिमी दबणारा) चालतो, आणि मगच खरेदीला लागा. १४० च्या फ्रेमला १६० चा फोर्क लावला की हेड अँगल (फोर्कचा तिरपा कोन) साधारण एक डिग्रीने झोपतो, पुढचं चाक चढावर भरकटायला लागतं, आणि कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडली असेल तर फ्रेमच्या हेडट्यूबवर (फोर्क बसतो त्या पुढच्या नळीवर) ताण येतो तो वेगळाच.

मागच्या शॉकचं तर फार जपून. शॉकवर दोन आकडे असतात, २१० बाय ५५ म्हणजे एका डोळ्यापासून (बोल्ट जातो ते भोक) दुसऱ्या डोळ्यापर्यंत २१० मिमी आणि आत दबतो तो, म्हणजे स्ट्रोक, ५५ मिमी. जुन्या फ्रेमला २०० बाय ५७ लागतो आणि बाजारात सहज मिळतो तो २१० बाय ५५, म्हणून "दहा मिमीने काय होतंय" असं म्हणत लोक तोच ठोकतात. दहा मिमीने खूप होतं, मागची बाजू वर उचलली जाते, बीबी चढतो, सायकल पुढे कलल्यासारखी वाटते. उलट स्ट्रोक जास्त असलेला शॉक घातला तर पूर्ण दबल्यावर टायर सीट ट्यूबला (सीटखालच्या नळीला) जाऊन आपटू शकतो. म्हणून कुठलाही शॉक बसवल्यावर एकदा सगळी हवा काढा, मागचं चाक हाताने पूर्ण वर दाबा आणि टायर, फ्रेम, केबल कुठे लागतंय का ते डोळ्यांनी बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ट्रनियन शॉकचं माउंटिंगच निराळं, एका टोकाला डोळ्याऐवजी दोन्ही बाजूंनी बोल्ट लागतात, साध्या डोळ्यांच्या शॉकच्या जागी तो बसत नाही.

गिअरमध्ये एकच तपासा, फ्रीहब, म्हणजे मागच्या हबवर कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्या) चढते तो भाग. शिमानोची डिओरे १२ स्पीडची १०-५१ दातांची कॅसेट मायक्रोस्प्लाइन प्रकारच्या फ्रीहबवरच चढते, साध्या, जुन्या एचजी प्रकारच्या फ्रीहबवर नाही. चाकं आधीच एचजीची घेतली असतील तर डिओरेचीच ११ स्पीडची ११-५१ घ्या, आपल्या चढांना पुष्कळ झाली.

आता ब्रेक, आणि इथे कोकण मधे येतं. जांभ्याच्या सड्यावरून पावसात पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) खाली उतरलात की लाल चिखल रोटरला (ब्रेकच्या चकतीला) चिकटतो आणि त्यातली खर पॅड अक्षरशः खरवडून काढते. रेझिन (राळेचे, मऊ) पॅड अशा एका-दोन राइडमध्ये पत्र्यापर्यंत गेलेले मी बघितलेत. सिंटर्ड म्हणजे मेटलचे पॅड घ्या, ओले असताना ओरडतात पण टिकतात. मात्र रोटर आधी उलटसुलट करून बघा, स्वस्त रोटरवर बारीक अक्षरात 'रेझिन पॅड ओन्ली' कोरलेलं असतं, त्यावर मेटल पॅड लावले तर रोटरच झिजतो. पुढे २०३ मिमीचा, मागे १८० चा रोटर ठेवा, त्यात कंजुषी नको. आणि मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक फ्लुइड) कधीच भरू नका, आतले सील फुगतात आणि लिव्हर अडकून बसतो. डॉट हवेतली ओल शोषून घेतं, आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल असते, म्हणून डॉटवाल्यांनी पावसाळा संपला की ते बदलायचंच.

खाऱ्या हवेचं मला उशिरा कळलं. दिवाळीत पिव्हटचा (मागचं सस्पेन्शन हलतं त्या सांध्याचा) बोल्ट काढायला बसलो तर ॲलन की नुसती गोल फिरली, बोल्ट ढिम्म. शेवटी मिरकरवाड्यात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे फ्रेम नेली. त्यांनी ड्रिल मारून बोल्ट बाहेर काढला, थ्रेडमध्ये पांढरी भुकटी भरली होती ती नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "पोलाद नि ॲल्युमिनियम कोरडं कोरडं बसवलंस ना रे? खाऱ्यात ती दोघं चिकटणारच." तेव्हापासून प्रत्येक पिव्हट बोल्ट, बीबी, सीटपोस्ट मरीन ग्रीस लावूनच बसवतो, आणि कंपनीने थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) सांगितलंय तिथे थ्रेडवर थ्रेडलॉक, ग्रीस फक्त बोल्टच्या गुळगुळीत भागाला. फ्रेम घेतानाच पिव्हटच्या बेअरिंगचे नंबर लिहून घ्या, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली मागवा आणि एक सेट घरात ठेवा, कारण ऐन पावसात मागवायला गेलात तर आठवडा जातो.

टायर हलके घेऊ नका. चिऱ्याच्या कडा साइडवॉल (टायरची बाजू) उभी चिरतात आणि ती चीर सीलंटने (टायरमध्ये ओततात त्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाने) बुजत नाही, निदान मागे तरी जाड केसिंगचा (जाड अंगाचा) टायर हवाच. करवंदीच्या काट्यांना मात्र ट्यूबलेससारखा उपाय नाही, फक्त सीलंट आपल्या उकाड्यात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून बघत जा.

ड्रॉपर (बटणावर खाली-वर होणारी सीटपोस्ट) घेताना ट्रॅव्हलच्या मोहात पडू नका. फुल सस्पेन्शनची सीट ट्यूब खाली पिव्हटजवळ वाकलेली किंवा तुटक असते, त्याच जाडीची जुनी पोस्ट आत सोडून कुठे अडकते तिथे टेप लावा आणि तेवढीच लांबी धरून ड्रॉपर निवडा.

सगळं बसवून झालं आणि तरी सायकल दगडावर धाडकन टेकत असेल तर शॉक खराब म्हणून लगेच विकायला काढू नका, आधी सॅग (नुसत्या आपल्या वजनाने शॉक किती दबतो ते) मोजा. पाण्याची बॅग पाठीवर घेऊन बसा, शॉकवरची रबरी ओ-रिंग सीलला टेकवा, सावकाश उतरा. ५५ च्या स्ट्रोकला रिंग १४ ते १६ मिमीवर यायला हवी, जास्त सरकली तर शॉक पंपाने हवा भरा, एका वेळी ५-१० पीएसआय. आणि राइडवरून आल्यावर स्कूटर धुवायच्या प्रेशर पंपाखाली सायकल घालू नका, पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये जातं. बादली, मऊ ब्रश, आणि पुसून झाल्यावर चेनला वेट ल्यूब. घरात आहे म्हणून खोबरेल नको, त्यावर सगळी माती चिकटते.