पहिल्यांदा फॅमिलीला घेऊन इमॅजिकाला जाताय? मग जेवायचं कुठे ते पुण्यातूनच ठरवून निघा

आमच्याकडे थीम पार्क ठरलं की आठवडाभर सगळे राइडचे व्हिडिओ बघत बसतात, नायट्रोवर कोण बसणार, खाली बॅगा कोण सांभाळणार, सगळं ठरतं आणि जेवणाचं विचारलं की एकच उत्तर, "बघू गं तिथे गेल्यावर". बरोबर आजी-आजोबा आणि लहान मूल असेल ना, तर दिवस ह्या "बघू"मुळेच बिघडतो. आमचा बिघडलाय म्हणून सविस्तर लिहितेय.

काही वर्षांपूर्वी एका पार्कात गेलो होतो. रविवार. जेवायला शिरलो तेव्हा दीड वाजलेला, म्हणजे अख्खं पार्क जेवायला येतं ती वेळ. कूपनची रांग वेगळी, मग ताट घ्यायची रांग वेगळी, आणि हे सगळं होईपर्यंत सासूबाई हातात ट्रे धरून खुर्ची शोधत उभ्या, ट्रेवरचा पापड तिथेच मऊ पडला. लेक माझ्या खांद्यावर उपाशीच झोपली. आणि सासऱ्यांनी सवयीने एक वाजताच शुगरची गोळी घेऊन टाकलेली, ताट समोर आलं दोन वाजून गेल्यावर. त्यांना दरदरून घाम आला, बोटं थरथरायला लागली तेव्हा कळलं की शुगर उतरलीय. पर्समध्ये पार्ले-जीचा पुडा होता आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी त्यांच्या मुलाचा फ्रुटीचा पॅक पुढे केला, दहा-पंधरा मिनिटांत त्यांना बरं वाटलं. नंतर डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं, बाहेर जेवताना ताट समोर आल्याशिवाय ती गोळी घ्यायची नाही. तुमच्या घरी कोणाला डायबिटीस असेल तर आपल्या डॉक्टरांना हे निघायच्या आधी विचारून ठेवा.

तेव्हापासून मी मेनू शेवटी बघते. पहिला प्रश्न हा की आपल्यात असं कोण आहे ज्याला भूक थांबवता येत नाही? आमच्याकडे सासरे आणि चार वर्षांची लेक. दोघांची वेळ साडेबाराची. म्हणजे आम्हाला सव्वाबाराला टेबलावर बसलेलं असायला हवं. मग पार्कचा नकाशा उघडायचा आणि बघायचं की बाराच्या सुमाराला आपण कुठल्या भागात असू, तिथून सगळ्यात जवळ बसून जेवायची जागा कुठली. जेवण थोडं डावं असलं तरी चालेल पण उन्हातून पार्कच्या दुसऱ्या टोकाला चालत जायला लावणारी जागा नको, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे तिथेच संपतात आणि मग दुपारनंतर ते "तुम्ही जा, आम्ही इथेच बसतो" म्हणतात. एवढं तिकीट काढून.

इमॅजिका आपल्याला सोयीचं आहे, २०१३ साली सुरू झालं, एक्सप्रेसवेने घाट उतरून खोपोलीच्या बाजूला. कोथरूडहून दोन तास धरा, शनिवार-रविवार असेल किंवा पाऊस असेल तर घाटात जास्त. आत बसून जेवायचे दोन प्रकार आहेत, रॉबर्टोज फूड कोमासारखं बुफेवालं, रेड बॉनेटसारखं अमेरिकन डायनरच्या थाटाचं, शिवाय मधेमधे खाण्याचे स्टॉल. पण नाव वाचून गेलो आणि ते बंद निघालं असं व्हायला नको, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारायचंच, उद्या काय काय चालू आहे, बुफे किती ते किती, माणशी रेट काय, लहान मुलाचा वेगळा रेट कितव्या वर्षापर्यंत, जैन किंवा उपासाचं मिळेल का. आमच्या सासूबाईंची चतुर्थी असते आणि चतुर्थीला साबुदाणा खिचडी कुठे मिळेल हे गेटच्या आत गेल्यावर शोधणं म्हणजे फार वाईट. खरं सांगू, चतुर्थी सोडून दुसराच दिवस धरा.

बुफे की साधं काउंटर ह्यावर घरोघरी वाद होतो. माझं मत विचाराल तर आजी-आजोबा बरोबर असतील तर बुफे, कारण पंख्याखाली नाहीतर एसीत हक्काची खुर्ची मिळते आणि वरण-भात, पोळी, दही असं काहीतरी ओळखीचं सापडतं. पण "पैसे वसूल" म्हणून दाबून जेवू नका प्लीज. आणि फक्त कॉलेजची पोरं असतील तर त्यांना बुफे कशाला, ती उभ्याउभ्या फ्रँकी खाऊन पुन्हा राइडच्या रांगेत जातात.

रांगेचे पण पैसे असतात हे लक्षात घ्या. समजा तिकीट माणशी १५०० आणि आत आठ तास मिळाले, तर तासाला साधारण १९० रुपये झाले. सहा जणांचा पाऊण तास जेवणाच्या रांगेत गेला की साडेआठशे रुपये उभ्याउभ्या गेले. त्यामुळे स्वस्त पण लांब रांगेचं काउंटर नेहमी स्वस्त पडतंच असं नाही. बारा-सव्वाबाराला जेवा, नाहीतर अकराला थोडं खाऊन सरळ अडीचनंतर. दीडला नकोच. शिवाय सगळे जेवायला गेलेले असतात तेव्हा राइडच्या रांगा जरा कमी होतात.

ऑनलाइन तिकिटाबरोबर जेवणाचा कॉम्बो दाखवतात तो घ्यायच्या आधी तीन गोष्टी वाचा, कूपन कुठल्या हॉटेलात चालतं, किती वाजेपर्यंत चालतं, आणि नाही वापरलं तर पैसे परत आहेत का. कूपनचं हॉटेल तुमच्या नकाशातल्या जागेपासून लांब असेल तर कॉम्बोचा उपयोग नाही.

आता राइड आणि जेवण ह्यांचा क्रम. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो एक सांगतो आणि डोळे दुसरंच बघतात तेव्हा मळमळतं, आणि भरल्या पोटी ते जास्तच. म्हणून नायट्रो, स्क्रीम मशीन, गोल्ड रश एक्सप्रेस सकाळीच उरका. बऱ्याच जणांना वाटतं की मिस्टर इंडिया बसून बघायचंय तर जेवून जाऊ, तसं करू नका, ती सिम्युलेटर राइड आहे, आपण बसलेलो असतो तिथेच आणि पडद्यावर सगळं गरगर फिरतं. माझा भाचा छोले-भटुरे खाऊन आत गेला होता, बाहेर आला तो तोंडावर रुमाल धरूनच. जेवणानंतर तासभर तरी सावलीत बसा, एखादा शो बघा, दुकानं फिरा. पर्समध्ये आलेपाक नाहीतर आवळा सुपारी ठेवा.

आणि पाण्याच्या राइड. राजासॉरस आणि स्प्लॅश अहॉयला भिजायला होतं. तसंच भिजून एसी हॉटेलात जेवायला बसलो तर मुलं कुडकुडतात आणि चार घास पण नीट जेवत नाहीत, तेव्हा एकतर ह्या राइड जेवणानंतर उन्हात घ्या किंवा लहान मुलाचा एक कोरडा कपड्यांचा जोड बरोबर असू द्या.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या मुलाचं खाणं आणि औषधं चालतात पण शुगरवाल्यांसाठी बिस्किटं किंवा ग्लुकोज न्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा, गेटवर बोलायला सोपं जातं. सकाळी घरून पोटभर निघा. आम्ही मेथीचे पराठे आणि दही गाडीतच संपवतो, पोहे आवडतात सगळ्यांना पण दोन तासांत परत भूक.

बिल आलं की नीट वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही असं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने पण ते कायम ठेवलं. लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी मात्र द्यायचाच असतो.

संध्याकाळचं पण आधीच ठरवा, कारण परेड बघून बाहेर पडेपर्यंत मुलं झोपेला आलेली असतात आणि तेव्हा एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलच्या गर्दीत त्यांना उठवून भरवणं होत नाही. मी सकाळी दहीभात करताना दही कमी आणि दूध जास्त घालते, वर चमचाभर विरजण, आणि डबा आइसपॅकच्या बॅगेत ठेवून गाडीतच सीटखाली, उन्हाच्या बाजूला नाही. रात्री उघडला की छान लागलेला असतो, आंबट नाही. लेक अर्ध्या झोपेत पाच-सहा घास खाते आणि घाट चढायच्या आत झोपते.